कार्ड क्रमांक चारशे बारा

१

चारशे अकरानंतर थेट चारशे तेरा.

भिंगकाकूंनी चष्मा पुसला, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. प्रूफाच्या समासात चारशे अकरा, 'आमवात'. त्याच्या खाली चारशे तेरा, 'आयसोलेशन'. मधला नंबर गडप. वैद्यकीय शब्दकोशाचं काम आठ वर्षं रडतखडत चाललं होतं, पण छपाईच्या तोंडावर एखादा शब्द असा नाहीसा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

काकू या कोश कार्यालयातल्या मुद्रितशोधक. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, म्हणून भिंगकाकू. त्यांच्या नजरेतून सुटलेली चूक जो दाखवेल त्याला संपादकांनी चहा कबूल केला होता, आणि तो चहा अजून कुणाच्या नशिबी आला नव्हता.

त्या उठल्या आणि 'आ'चा ड्रॉवर ओढला. इथे प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला शब्द, तो कसा लिहायचा, त्याचा अर्थ आणि तो कुठल्या भाषेतून कसा आला हे. मागच्या बाजूला उदाहरण. उदाहरणाचा नियम फार कडक होता. मनाने रचलेलं अजिबात चालायचं नाही. खरं घडलेलंच हवं, आणि ते कुणाकडून आलं हेही शेवटी लिहायचं. दुसरा नियम असा की कार्ड बाहेर काढलं तर त्या जागी स्वतःच्या नावाची गुलाबी चिठ्ठी ठेवायची.

चारशे बाराच्या जागी कार्ड नव्हतं आणि चिठ्ठीही नव्हती. हरवलेल्या कार्डाची चिठ्ठी राहते. चिठ्ठी नाही म्हणजे कुणीतरी चोरलंच.

दुसऱ्या कुणी हळहळून सोडून दिलं असतं. पण पहिली सहाशे कार्डं मास्तरांच्या हातची होती. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते कोशाचे संकलक झाले. कार्डांच्या पुढच्या बाजू त्यांनी लिहून काढल्या, मागच्या कोऱ्या ठेवल्या, 'उदाहरणं डॉक्टर भरतील' म्हणाले, आणि तीन वर्षांपूर्वी गेले. घरात त्यांचं असं फारसं लिहिलेलं काही नव्हतं. जे होतं ते या ड्रॉवरमध्ये.

आणि ते गेले यात दोष आपलाच, असं काकू धरून बसल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच मास्तरांना ताप होता. "तुझं प्रूफ होऊ दे, संध्याकाळी जाऊ," असं ते म्हणाले आणि काकूंनी ऐकलं. संध्याकाळी जुन्या फाईलची पिशवी घेऊन दोघं इस्पितळात पोचले. दोन तासांत काकू एकट्या बाहेर आल्या. डॉक्टर मास्तरांचे जिवलग मित्र. ते खाली मान घालून म्हणाले होते, "सकाळी आणलं असतं वहिनी, तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य काकू गेली तीन वर्षं रोज सकाळी पुरं करत होत्या. फाईलची पिशवी जशी नेली तशी परत आली, आणि गाठही न सोडता कपाटावर पडून राहिली. तिच्याकडे बघायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

त्यामुळे मास्तरांच्या हातचं एक कार्ड जाणं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. ते मिळेपर्यंत प्रूफावर सही करायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. शुक्रवारी पानं मशीनवर चढणार होती, आणि आज बुधवार होता.

२

संपादकांची खोली कोपऱ्यात होती. एका वेलांटीपायी यांनी एकदा चालू मशीन थांबवलं होतं. छापखान्याचा मालक त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

"सर, 'आ'मधून एक शब्द गेला आहे," काकू म्हणाल्या. "कार्डही नाही, चिठ्ठीही नाही."

आता कार्यालय डोक्यावर घेतील, या तयारीने काकू उभ्या होत्या. संपादकांनी खिडकीकडे पाहिलं.

"जाऊ द्या हो, बाई. अकरा हजार शब्दांत एक नसला तर काय होतंय? सही करून टाका."

"सर, तुम्ही बोलताय हे?"

"वय झालं आता माझं. टायपिंगच्या मुलीकडून इकडेतिकडे झालं असेल. तिला काही बोलू नका, उगाच रडत बसेल."

"त्यावर मास्तरांचं अक्षर आहे, सर."

संपादकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, चष्म्याची काडी चाचपून परत आला. "माहीत आहे मला," ते इतक्या हळू म्हणाले की काकूंना ते नीट ऐकूही आलं नाही.

बाहेर येताना काहीतरी खटकलं होतं. संपादक रागावले नाहीत, ते तर खटकलंच, पण त्याहून लहानसं आणखी काहीतरी होतं. ते काय, हे काही केल्या आठवेना.

३

टायपिंगची मुलगी आधीच रडवेली होऊन बसली होती. भिंतींना कान असतील-नसतील, पण या कार्यालयातल्या पार्टिशनला नक्की होते.

"काकू, शपथेवर सांगते, माझ्या हातात ते कार्ड आलंच नाही. अकराच्या खाली तेराच होतं. मी तेव्हाच सरांना जाऊन सांगितलं."

"कधी?"

"दोन आठवडे झाले. ते म्हणाले, पुढे जा."

"एवढंच?"

"एवढंच. मला वाटलं शब्द रद्द केला असेल. माझं कंत्राट या महिन्यात संपतंय, काकू. आता सगळे म्हणणार, हिनेच घालवलं."

"कोण म्हणतंय ते बघते मी. डोळे पूस आधी. त्याआधी ड्रॉवरला हात कुणी लावला होता?"

मुलीने नाक पुसत आठवलं. "डॉक्टर आले होते, उदाहरणं भरायला. एरवी अर्ध्या तासात पंधरा कार्डं उडवतात. त्या दिवशी दोन तास बसले आणि एकच कार्ड लिहिलं. आधी त्याच कार्डासाठी त्यांनी काहीतरी वेगळ्या कागदावर लिहून पाठवलं होतं, ते सरांनी परत केलं होतं. 'हे रचलेलं वाटतं, खरं द्या,' म्हणून. आणि जाताना मला विचारलं, 'आ'चं प्रूफ वहिनी कधी वाचणार?"

"मला कशाला विचारलं नाही त्यांनी?"

"तेच मी म्हटलं. तर तसेच निघून गेले. परवा फोन करून पुन्हा तेच विचारलं, वहिनींनी वाचलं का म्हणून."

डॉक्टर दर रविवारी त्यांची चौकशी करत. गेले दोन रविवार फोन आला नव्हता, आणि तो आला नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

४

पण शब्द कोणता? मास्तर गेल्यावर त्यांची कार्डं ओळीने वाचायचं धाडस काकूंनी केलं नव्हतं. प्रूफ येईल तसतशी वाचू, म्हणजे ती पुरतील, असा त्यांचा हिशोब होता. चारशे बारावर काय होतं ते त्यांना माहीतच नव्हतं.

मग त्यांना मूळपेटी आठवली. ही पेटी खास मास्तरांची. परभाषेतल्या एकेका मूळ शब्दाचं एक कार्ड आणि त्यापासून निघालेल्या शब्दांची यादी त्याच्यावर. अगदी शेवटच्या तपासणीला ही पेटी आणि ड्रॉवर एकमेकांशी ताडून बघायचे. ती वापरणारी माणसं तीनच, मास्तर, संपादक आणि काकू. कपाटावर अगदी मागे सरकून गेलेली ती पेटी काकूंनी स्टूलावर चढून खाली काढली आणि एकेक कार्ड भिंगाखाली धरायला सुरुवात केली.

दुपार सरत आली तेव्हा ते सापडलं. मास्तरांचं टपोरं अक्षर, 'य'चं पोट नेहमीसारखं फुगलेलं.

'यात्रोस. ग्रीक. अर्थ: वैद्य. यापासून: पीडियाट्रिक, मुलांचा वैद्य तो, सायकियाट्रिक, मनाचा, जेरियाट्रिक, म्हाताऱ्यांचा (आमच्या उपयोगाचा).' मास्तरांना कोशातसुद्धा थट्टा केल्यावाचून चैन पडायचं नाही. काकूंना हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

शेवटचा शब्द होता 'आयट्रोजेनिक, ४१२'. समोर अर्थ: 'वैद्यापासून जन्मलेला. रोगाने नव्हे, तर उपचारामुळेच झालेला (विकार किंवा मृत्यू).'

या नोंदीवर शिसपेन्सिलीने एक सरळ रेघ मारलेली होती. आणि रेघेखाली, शब्दाच्या तळाशी, ओळीने बारीक टिंबं.

रेघ म्हणजे 'काढा', हे कुणालाही कळेल. पण खोडलेल्याच्या खाली टिंबं दिली की त्याचा अर्थ 'राहू द्या', हे फक्त प्रुफं वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. कुणीतरी हा शब्द कोशातून पुसायला निघालं होतं, आणि पुसता पुसता त्याचा हात मागे आला होता.

काकू स्टूलावरच बसून राहिल्या. वैद्यापासून जन्मलेला मृत्यू. या एका शब्दाने कुणाला घाम फुटेल, हे सांगायला भिंगाची गरज नव्हती.

५

गुरुवारी दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात एकही रोगी नव्हता. बाकांवर ऊन पडलं होतं. डॉक्टर टेबलामागे बसले होते, आणि काकूंना दारात पाहून ते असे उठले की खुर्ची भिंतीवर आदळली.

"वहिनी. वाचलंत?"

"काय वाचायचं होतं?"

"चारशे बारा."

"चारशे बारा जागेवर नाही, डॉक्टर. चोरीला गेलंय. म्हणून तर मी आले."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण पकडलेल्या चोराचा चेहरा असा नसतो. हा चेहरा एखादी शिक्षा भोगून झाली असं समजलेल्या आणि ती अजून सुरूच झालेली नाही असं कळलेल्या माणसाचा होता.

"म्हणजे तुम्ही वाचलंच नाही," ते खाली बसत म्हणाले. "दोन आठवडे मी फोनकडे बघून बसलोय. वाजला की वाटायचं, तुम्ही. नाही वाजला की वाटायचं, आता त्यांना माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. आणि तुम्हाला माहीतच नाही."

"कार्ड तुम्ही घेतलंत?"

"मी घेऊन काय करू, वहिनी? ते तुमच्या हातात पडावं म्हणून तर मी लिहिलं."

"काय लिहिलंत?"

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. "आधी खोटं लिहिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "कुठल्या तरी परगावच्या रोग्याचं, रचून. ते परत आलं. कोशात खोटं चालत नाही म्हणे. इस्पितळाच्या कागदावर चाललं होतं माझं खोटं, तीन वर्षं. मास्तरच्या कार्डावर नाही चाललं."

काकू उठल्या. त्या दाराकडे निघाल्या.

मागून डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मला तोंडाने नाही सांगता येत. ते कार्ड शोधा."

६

संपादक आपल्या खोलीत एकटेच होते. काकूंनी मूळपेटीतलं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि न विचारता खुर्ची ओढून बसल्या.

"काल मला काहीतरी खटकलं होतं, सर. ते आत्ता येताना रस्त्यात आठवलं. मी म्हटलं, एक शब्द गेलाय. तुम्ही काय काय बोललात, पण कोणता गेला ते विचारलं नाहीत. झोपेतून उठवलं तरी तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता."

काकूंनी ते कार्ड त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

"त्या पोरीने दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं तेव्हाही तुम्ही नुसतं 'पुढे जा' म्हणालात. मग ही पेटी. डॉक्टरांना ती आहे हेच माहीत नाही, पोरीलाही नाही. शेवटच्या तपासणीत माझी नजर इथे जाईल हे ओळखून इथलाही शब्द खोडणारा माणूस घरचाच हवा. आणि ही टिंबं. डॉक्टर खोडतात तेव्हा गिरबटून कागद फाडतात. खोडून पुन्हा जीव लावणारा आपल्यात एकच आहे. मी काही ही टिंबं दिली नाहीत. मास्तर द्यायला उरले नाहीत."

मग संपादकांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं. दोन आठवड्यांत त्याचे कोपरे मऊ पडले होते. त्याला टाचणीने एक गुलाबी चिठ्ठी लावलेली होती. 'घेणार: संपादक. कारण:' आणि पुढे कोरं.

"चिठ्ठी लिहिली, पण ड्रॉवरमध्ये ठेवता आली नाही," ते म्हणाले. "फाडायला तीनदा घेतलं. त्याचं अक्षर आहे, कसं फाडू? काय करायचं होतं मी, बाई? पुढे त्याच्या हाताने लिहिलेला शब्द, मागे त्याचंच मरण, आणि ते प्रूफ म्हणून तुमच्या पुढ्यात टाकायचं? 'चुका काढा' म्हणून?"

"आणि बोल त्या पोरीवर गेला असता तर?"

"नसता जाऊ दिला. म्हटलं असतं, माझ्याकडून हरवलं." ते थांबले. "काल तुमच्यासमोर मात्र तिच्यावर ढकललं. त्याची मला लाज वाटते."

त्यांनी कार्ड पुढे केलं. काकूंनी ते आधी पुढच्या बाजूने वाचलं. फुगलेल्या पोटाचा 'य' त्यांनी बोटाने चाचपला. मग कार्ड उलटं केलं.

७

'उदाहरण. रुग्ण पुरुष, वय चौसष्ट, फुप्फुसाचा साधा दाह. वेळेवर दाखल. पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद असलेली जुनी फाईल पत्नीने सोबत आणली होती व पाहण्यास सांगितले होते. डॉक्टरांनी मैत्रीच्या भरवशावर फाईल न उघडता इंजेक्शन दिले. पाऊण तासात मृत्यू. हा मृत्यू आयट्रोजेनिक होय. पत्नीस मात्र आणण्यास उशीर झाल्याचे सांगण्यात आले. स्रोत: उपचार करणारा डॉक्टर, स्वतः.'

'पत्नीस मात्र' या वाक्यावर संपादकांच्या शिसपेन्सिलीची रेघ होती.

काकूंनी तीन वेळा वाचलं. प्रूफ वाचायची त्यांची पद्धतच तशी होती, एकदा अर्थासाठी, एकदा अक्षरांसाठी आणि एकदा सुटलेल्यासाठी. तिसऱ्या वेळी त्या 'वेळेवर दाखल' या दोन शब्दांवर थांबल्या आणि तिथून पुढे जाईनात.

त्यांना सगळं आठवलं. 'फाईल बघा हं, यांना एक इंजेक्शन चालत नाही,' असं त्या म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, 'वहिनी, मी ओळखत नाही का याला?' आणि प्रुफांच्या गठ्ठ्याला त्या मारत तशी त्यांची दुहेरी गाठ, पिशवी परत आली तेव्हाही तिला जशीच्या तशी होती.

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..." संपादक बोलू लागले.

"तीन वर्षं, सर," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं रोज सकाळी उठले की मी मनातल्या मनात गाडी बोलावते. आज तरी यांना सकाळीच न्यावं म्हणून. चहा करेपर्यंत आम्ही इस्पितळात पोचलेलो असतो. मग आठवतं, नेलं संध्याकाळी. तुम्ही हे कार्ड दोन आठवडे खिशात घेऊन फिरलात. चौदा सकाळी आहेत त्या माझ्या."

संपादकांनी चष्मा काढला. "मला खरंच ठाऊक नव्हतं, तुम्हाला असं वाटतं म्हणून. कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

आता दोघंही रडत होते. म्हातारी माणसं रडतात तशी, फारसा आवाज न करता, एकमेकांकडे न बघता. पार्टिशनपलीकडे टायपिंगचा आवाज थांबला होता.

शेवटी संपादक म्हणाले, "नोंद घेऊ. उद्या मशीनवर चढायच्या आत बसवू. फक्त ते खोडलेलं वाक्य राहू नये असं मला वाटतं. कोश म्हणून पाहिलं तर त्याची गरज नाही. शब्दाचा अर्थ त्याआधीच पुरा होतो."

कोश म्हणून पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. काकूंनी मान डोलावली. मग टेबलावरची पेन्सिल उचलली, भिंग डोळ्याला लावलं आणि त्या खोडलेल्या वाक्याखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकेक करून टिंबं दिली. सगळी सारख्या अंतरावर.

प्रूफावर सही करून त्यांनी कार्ड मुलीच्या हातात दिलं. "हे बसव. कार्ड सापडलंय, तुझ्याकडून काही गेलेलं नव्हतं. सर स्वतः सगळ्यांना सांगतील." मग दारातून वळून संपादकांना म्हणाल्या, "डॉक्टरांना कळवा, वाचलं म्हणून. एवढंच कळवा. पुढचं काय ते मला अजून माहीत नाही."

घरी पोचल्या तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. खुर्चीवर चढून त्यांनी कपाटावरची पिशवी खाली काढली. धूळ झटकली. गाठ तीन वर्षांत दगडासारखी झाली होती. कात्री हाताशी होती, पण ती घ्यावीशी वाटली नाही. नखं दुखेपर्यंत त्या बसून राहिल्या, आणि कधीतरी दोरी सैल झाली.

फाईलच्या पहिल्याच पानावर, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत ते इंजेक्शन लिहिलेलं होतं. खाली दोन रेघा मारलेल्या.

काकूंनी फाईल मांडीवर घेतली आणि समोरच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी वेळेत नेलं होतं हो तुम्हाला."